डेलच्या नावावरचं हरीण

"बापाला घेऊन या म्हणतंय," व्हर्ना स्क्रीनकडे बघत म्हणाली आणि तिने चष्मा कपाळावर ढकलला. "स्वतः हजर पाहिजे. ओळखपत्रासकट."

आर्वो लाहतीने काउंटरवर दोन्ही हात टेकले. दुकानाच्या दारापासून इथपर्यंत येण्यात त्याचा निम्मा दम संपला होता आणि उरलेला निम्मा तो बोलण्यासाठी राखून होता.

"कुणाच्या बापाला?"

"हिच्या." व्हर्नाने आवाज खाली आणला. "डेलला."

बारा वर्षांची सिग्ने खिळ्यांच्या डब्यांपाशी उभी राहून उगाच खिळे चाळवत होती. तिने ऐकलं नसावं, असं दोघांनीही धरून चाललं. पाइन फेरी गावातलं हे हार्डवेअरचं दुकान, शिकारीचे परवानेही इथूनच निघायचे, एवढंसं होतं की कोपऱ्यातला माणूस खोकला तर गल्ल्यावरच्याने पाणी विचारावं.

"त्या यंत्राला सांग ना, डेल मेलाय."

"मी सांगून ऐकायला ते काय माझा नवरा आहे?" व्हर्ना म्हणाली. "नवराही ऐकत नाही. हे बघ, पोर परराज्यातली, सोळाच्या आतली. आईबापांपैकी कुणी आपल्या राज्यात राहत असेल तर त्याने इथे येऊन सही करायची. आणि याच्या मते हिचा बाप इथेच राहतोय, तुझ्या पत्त्यावर. गेल्या नोव्हेंबरात त्याने लायसन्स काढलंय."

शेवटचं वाक्य तिच्या तोंडून निसटलं. मग ती तराजूवरची धूळ पुसू लागली आणि आर्वो खिडकीबाहेर बघू लागला.

खिडकीतून नदी दिसत होती, नदीपलीकडे दुसऱ्या राज्याची पाण्याची टाकी दिसत होती. आर्वो सिगारेट ओढायचा त्या दिवसांत पूल पार होईपर्यंत निम्मी सिगारेटही संपत नसे. सिग्नेची आई क्रिस्टा दुसरं लग्न करून त्या टाकीखालच्या गल्लीत राहायला गेली, आणि तेवढ्यावरून लाहतींची सख्खी नात परराज्यातली ठरली. तिचे आजोबा इथले, पणजोबा इथल्याच खाणीत गेलेले, बापाची बंदूक आजोबांच्या कपाटात. पण पोर परकी.

आणि बाप मेलेला असूनही जिवंत, त्याला नदीच कारण होती. दोन वर्षांपूर्वीच्या फेब्रुवारीत डेलची स्नोमोबाइल नदीवरच्या बर्फातून खाली गेली. तो सापडला एप्रिलमध्ये, बर्फ सुटल्यावर, बराच खाली आणि पलीकडच्या काठाला. कागदपत्रं तिकडच्या कचेरीत झाली. दफन इकडे झालं, सगळं गाव आलं, व्हर्नाने मोठ्या भांड्यातून मॅकरोनी आणली होती. पण पुरलेल्या माणसाची नोंद कुणी नदी ओलांडून इकडे आणलीच नाही. शिकार खात्याच्या यंत्रात डेल लाहती अजून खात-पीत होता.

आर्वोला मात्र ठाऊक होतं की सगळा दोष नदीवर ढकलता येत नाही.

पाइन फेरीत जुनी रीत होती. नोव्हेंबरात हरणांचा हंगाम लागला की घरात जेवढी माणसं तेवढे परवाने निघायचे. एका परवान्यावर एक हरीण, मारल्यावर त्याला बांधायचा एक टॅग. मग ज्या आज्यांना दार आपटलं तरी दचकायला होतं, त्या कागदोपत्री पट्टीच्या शिकारी ठरत. आर्वोची बायको एल्मा जन्मभर बंदुकीला हात न लावता गेली, पण सरकारी हिशेबाने तिने कळपच्या कळप लोळवले होते. नाताळच्या जेवणात पुरुष तिला "मोठी शिकारीण" म्हणून पहिला घास द्यायचे आणि ती लाटणं उगारायची. कुणाला त्यात पाप वाटत नसे. मांस घरात शिजायचं, वाया जात नव्हतं, आणि खातं लांब राजधानीत होतं.

डेल गेल्यानंतरच्या पहिल्या नोव्हेंबरात आर्वो परवाना काढायला आला, तेव्हा व्हर्नाने सवयीने विचारलं होतं, "नेहमीचे दोन? तुझा न् डेलचा?" आणि लगेच जीभ चावली होती. दुकानात गर्दी होती. आर्वोला 'एकच' म्हणायचं होतं. तोंडही उघडलं होतं. पण तो शब्द म्हणजे पोराला आणखी एकदा खड्ड्यात उतरवणं होतं, तेही रंगाच्या डब्यांसमोर उभं राहून. "दोन," तो म्हणाला. व्हर्नाचे डोळे भरले आणि तिने दोन काढून दिले. त्या वर्षी डेलचा टॅग स्वयंपाकघरातल्या खिळ्याला नुसता लटकत राहिला. दुसऱ्या वर्षीही दोनच निघाले. त्या हंगामात आर्वोचा स्वतःचा टॅग पहिल्याच दिवशी एका नराला लागला, आणि दुसऱ्या दिवशी मचाणाखाली एक धष्टपुष्ट मादी येऊन उभी राहिली. डेलचा टॅग खिशात होता. घरी येऊन त्याने नियमाप्रमाणे फोनवर नोंद केली, तेव्हा यंत्रातली बाई गोड आवाजात म्हणाली, "अभिनंदन, डेल."

आता ऑक्टोबरच्या मध्यावर मुलांचा हंगाम होता, शनिवार-रविवारचा. मोठ्यांची झुंबड सुरू व्हायच्या आधी पोराटोरांना रान मोकळं मिळावं म्हणून ठेवलेला. डेलने मचाण बांधताना दोन फळ्या ठोकल्या होत्या बसायला, एक रुंद, एक अरुंद, आणि अरुंद फळीवर हात आपटून सिग्नेला म्हणाला होता, "बारा पुरी कर, मग ही तुझी." जुलैत तिने बारा पुरी केली. नदीपलीकडच्या शाळेतल्या शिकार-सुरक्षेच्या वर्गात बसली, पास झाली. आर्वोला आयुष्यात आता एवढंच उरकायचं होतं. कागद कारखान्यात जन्म गेला होता आणि त्या कारखान्याची सगळी धूळ त्याच्या छातीत जाऊन बसली होती. पुढच्या वर्षी जमेल का, असं त्याने डॉक्टरला विचारलं तेव्हा डॉक्टरने हवापाण्याचा विषय काढला होता.

परतताना पुलावर सिग्ने म्हणाली, "आजोबा, एक विचारू?"

"विचार."

"बाबा नाहीये म्हणून मला लायसन्स नाही, की बाबा आहे म्हणून नाही?"

आर्वोने गाडीचा वेग कमी केला. "दोन्हीमुळे," तो म्हणाला.

क्रिस्टाने मृत्यूचा दाखला शोधायला वेळ लावला नाही. तो फ्रीजवरच्या डब्यात होता, विम्याच्या कागदांबरोबर. तिने तो टेबलावर ठेवला, पण बोट त्याच्यावरून काढलं नाही.

"बाबा, खरं सांगा. हे तिच्यासाठी चाललंय की तुमच्यासाठी?"

"तुला काय वाटतं?"

"मला वाटतं, तुम्हाला डेलला परत रानात न्यायचंय. आणि तिला त्याच्या जागी बसवायचंय."

"मग?" आर्वो म्हणाला. "वाईट काय त्यात? त्याने शब्द दिलाय पोरीला. त्याचा तो आता मलाच पाळायचाय ना?"

क्रिस्टाने बोट उचललं. सुनेचं आणि त्याचं कधी वाकडं नव्हतं. तिने दुसरं लग्न केलं यालाही त्याची ना नव्हती. फक्त नवरा त्याला पटत नव्हता. जेराल्ड दुकानांना पाव पोचवायची गाडी चालवायचा, पन्नाशी उलटलेला, गुबगुबीत, आणि घरात शिरताना स्वतःच्या घरात असूनही "येऊ का?" विचारायचा. आर्वो त्याला मागे पाववाला म्हणे. आताही तो आला, अंगाला भाजल्या पावाचा वास, आणि सगळं ऐकून म्हणाला, "आर्वो, दाखला द्यायचं ते खात्याचं विभागीय ऑफिस लांब आहे. मी घेऊन जातो तुम्हाला. उद्या माझी लाइन लवकर संपते."

"मला गाडी चालवता येते," आर्वो म्हणाला.

"हो हो, येतेच. मी आपलं म्हटलं."

विभागीय ऑफिसात खिडकीमागे मिसेस कॉब नावाची बाई होती, आर्वोला लेक असती तर तिच्या वयाची. तिच्याशी भांडायची तयारी करून तो आला होता. दोन खुर्च्यांवर बसत बसत, श्वास गोळा करत, त्याने गाडी लावल्यापासून वाक्यंही जुळवली होती. पण बाई चांगली निघाली, आणि चांगल्या माणसाशी काय भांडणार?

"शांतपणे बसा आधी," ती म्हणाली. "पाणी देऊ?"

"पाणी नको. लायसन्स द्या."

ती हसली. दाखला तिने दोन्ही बाजूंनी पाहिला. "हा दुसऱ्या राज्याचा आहे."

"तो दुसऱ्या राज्यात सापडला. बुडाला मधेच. नदीच्या नेमक्या कुठल्या बाजूला बुडाला ते मला विचारू नका, मी नव्हतो तिथे."

"माफ करा. मी तेवढ्यासाठी नव्हतं म्हटलं. शिक्का बरोबर आहे, चालेल हा." ती टाइप करू लागली. आईचं संमतिपत्र पाहिलं, वर्गाचं कार्ड पाहिलं, प्रत्येकाला "बरोबर" म्हणाली. आर्वोला वाटलं, सुटलो. आणि मग तिची बोटं थांबली.

मग तिने खुर्ची पुढे ओढली आणि आवाज इतका हळू केला की त्याला काचेच्या भोकाला कान लावावा लागला.

"मिस्टर लाहती, तुमचा मुलगा दोन वर्षांपूर्वीच्या फेब्रुवारीत वारला. त्यानंतर त्याच्या नावाने दोन लायसन्सं निघालीत."

"हं."

"आणि त्याने एक हरीण मारलंय."

"मादी होती," आर्वोच्या तोंडून गेलं.

मिसेस कॉबने डोळे मिटले, उघडले. "हे बघा. मी अजून एंटर केलेलं नाही. मी मृत्यूची तारीख घातली की हे सगळं आपोआप चौकशीकडे जातं, माझ्या हातात राहत नाही. नाही घातली, तर मुलीचे वडील हयात राहतात आणि तिला लायसन्स मिळत नाही. तिसरा रस्ता माझ्याकडे नाही, असता तर दिला असता." ती थांबली. "कधी कधी दुकानदाराकडून चूक होते. जुनं नाव स्क्रीनवर असतं, चुकून दाबलं जातं. तसं काही झालं होतं का?"

तिने दार किलकिलं करून दिलं होतं, आणि दारापलीकडे व्हर्ना उभी होती, चष्मा कपाळावर, गुडघेदुखीचं औषध गल्ल्याखाली लपवलेलं. तिचा नवरा दोन वर्षं अंथरुणाला खिळलेला होता. परवाने विकायचं काम दुकानाकडून गेलं तर मालक तिला एक दिवस ठेवायचा नाही. आर्वोने खरंच विचार केला. केला नाही असं नाही. तेवढ्या वेळात त्याला स्वतःची किळस येऊन गेली.

"चूकबीक नाही," तो म्हणाला. "मी मागितलं. तिला वाटलं, डेलच्या जागी कुणाला तरी... तिला काय वाटलं ते जाऊ दे. तिला मी फसवलं. मादी मी मारली, टॅग मी बांधला, फोन मी केला."

"तुमचं स्वतःचं लायसन्स जाईल."

"समजलं."

"आणि लायसन्सवाला मोठा माणूस बरोबर असल्याशिवाय मुलीला रानात जाता येत नाही. म्हणजे तुम्ही तिच्याबरोबर नसाल. हे लक्षात घ्या मिस्टर लाहती, तुम्ही घरी जाऊन विचार करू शकता."

ज्याच्यासाठी हा सगळा खटाटोप, तेच हातातून चाललं होतं. मचाणावर आपण रुंद फळीवर, पोर अरुंद फळीवर, पहाटेची थंडी, थर्मासातली कॉफी तिला एक घोट द्यायची आणि आईला सांगायचं नाही. आर्वोने महिनोन्‌महिने हेच चित्र उशाशी घेऊन झोप काढली होती. पण चित्रात तो नसला तरी पोर होतीच की.

"घाला तारीख," तो म्हणाला.

तिने घातली. यंत्राला काहीच वाटलं नाही, एक पान सरकलं इतकंच. आर्वोला मात्र ते लख्ख कळलं. अडीच वर्षं त्याने अडवून धरलेलं एक दार त्या बाईने दोन बोटांनी लावलं होतं. तो रडला नाही, पण उठताना त्याला काउंटर धरूनही उठता येईना, आणि मिसेस कॉब काचेमागून बाहेर येऊन त्याचा दंड धरून त्याला गाडीपर्यंत घेऊन गेली.

त्याच आठवड्यात शिकार खात्याचा वॉर्डन कोरी दारात उभा राहिला. कोरीचा बाप आणि आर्वो कारखान्यात एकाच यंत्रावर होते. हा पोरगा लहानपणी याच स्वयंपाकघरात एल्माच्या हातचं खाऊन गेलेला. त्याने टोपी काढली, पण बसला नाही.

"आर्वोकाका, मला आत यावं लागेल."

"ये की. तुला आता आमंत्रण लागतं का?"

"तसं नाही. कामावर आलोय."

"मग कामावर ये."

कोरीने परवाना घेतला. फ्रीझरमध्ये त्या मादीच्या मांसाची तीन-चार पाकिटं उरली होती, तीही पुरावा म्हणून पेटीत घातली. पाकिटांवर आर्वोच्या अक्षरात 'डेल' असं लिहिलेलं होतं, कुठलं मांस कुठल्या टॅगचं ते कळावं म्हणून. कोरीने ते वाचलं आणि पाकीट पालथं केलं.

"किती?" आर्वोने विचारलं.

"तीन वर्षं बंदी, काका. मी कमी करायला बघितलं. यापेक्षा खाली येत नाही."

आर्वोला हसू फुटलं. हसण्याचा खोकला झाला, खोकल्याने त्याला टेबलावर वाकवलं, कोरीने धावत जाऊन ऑक्सिजनची नळी त्याच्या नाकाशी आणली. श्वास लागल्यावर आर्वो म्हणाला, "तीन वर्षं! अरे, तुझ्या खात्याचा माझ्या छातीवर डॉक्टरपेक्षा जास्त भरवसा दिसतोय."

कोरीला हसावं की नाही ते कळेना.

"आणि पुढच्या शनिवारी?" आर्वोने विचारलं. "माझी जमीन आहे ती. माझ्या बापाने साफ केलेली."

"जमीन तुमचीच आहे. पण पोर शिकारीला आत असेल तेव्हा तुम्ही आत नाही. रस्त्यावर उभं राहा, रस्ता सरकारचा. रस्त्याकडेचा चर ओलांडायचा नाही." तो घुटमळला. "आणि काका, सांगणं, ओरडणं, इकडे वळ तिकडे वळ, हेसुद्धा शिकारीतच धरतात. मला बघावं लागेल. मला बघायला लावू नका."

रविवारी आर्वो पुलापलीकडे गेला. जेराल्ड अंगणात गाडी धूत होता.

"तुझं वय काय रे, जेराल्ड?"

"त्रेपन्न. का?"

"मग तुला शिकार-सुरक्षेचा वर्ग लागत नाही. तुझ्या वयाच्या आणि त्याहून मोठ्यांना तो माफ आहे."

जेराल्डच्या हातातली पाण्याची नळी त्याच्याच बुटांवर वाहू लागली. "आर्वो, मी आयुष्यात ससा मारलेला नाही. उंदीर पिंजऱ्यात सापडला तर क्रिस्टा सोडून येते."

"तुला मारायचं नाहीये. तुला नुसतं बसायचंय. रुंद फळीवर." आर्वोने बाजूला पाहिलं. "पोरीला सगळं येतं. तुझं काम म्हणजे तोंड बंद ठेवणं आणि खाली न पडणं."

"तिला चालेल का? म्हणजे, ती जागा... ती त्याची आहे ना?"

इतक्या दिवसांत आर्वोने त्या माणसाकडे पहिल्यांदाच नीट बघितलं. "तिला विचार तू," तो म्हणाला. "पण जा."

व्हर्नाने सिग्नेपाठोपाठ जेराल्डचाही परवाना उभ्या उभ्या काढून दिला. एकदाही बंदूक न धरलेल्या परराज्यातल्या माणसाला यंत्राने काहीएक विचारलं नाही. बापाबद्दल तर नाहीच.

शनिवारी उजाडायच्या सुमाराला दोघं नारिंगी जाकिटं घालून चर ओलांडून आत गेले. सिग्नेच्या खांद्यावर डेलची रायफल होती, तिच्या मानाने लांब, पण तिने नीट तोललेली. जेराल्ड पालापाचोळ्यातून असा चालत होता की तिकडच्या राज्यातली हरणंसुद्धा जागी झाली असती. पाय उचलून टाक रे, पाय उचलून, आर्वो मनातल्या मनात ओरडत होता. आणि तोंड बंद ठेवून तो आपल्या गाडीला टेकून उभा राहिला.

थोड्या वेळाने कोरीची गाडी आली आणि मागे, जरा अंतरावर थांबली. तो उतरला नाही. त्याने हात केला, आर्वोने केला.

बर्चची पानं गळून गेली होती. आत डोकावलं तरी मचाण दिसत नव्हतं, ते टेकाडामागे होतं. आर्वोला तिथली एकेक खाच पाठ होती, फळीवरचा गाठीचा डाग कुठे आहे तेही. आत्ता वारा कुठून असेल, मादी कुठल्या बाजूने पाण्यावर येईल, पोर आधी कुठे बघेल, हे सगळं तो तिच्या जागी बसून बघत होता, आणि चराच्या या काठाला त्याचे पाय गारठून गेले होते.

मग बार झाला. एकच.

रान गप्प झालं. आर्वोने दुसऱ्याची वाट बघितली. दुसरा आला नाही. म्हणजे एक तर लागलं, किंवा पोरीला चुकल्याचं कळलं. त्याने कोरीकडे पाहिलं. कोरी गाडीतून उतरून उभा होता, कान रानाकडे.

पानं तुडवत कुणीतरी पळत येत होतं. सिग्ने होती. चराच्या पलीकडच्या काठावर ती येऊन थांबली, तोंड पांढरं, टोपी कुठेतरी पडलेली. रायफल तिच्याकडे नव्हती.

"आजोबा, पडलं! एका गोळीत. लांब पळालंही नाही." मग तिचा आवाज फाटला. "जेराल्ड झाडामागे उलट्या करतोय. बंदूक मी रिकामी करून त्याच्यापाशी ठेवलीय. वर्गात फक्त चित्र दाखवलं होतं, आजोबा. पोट फाडायला सुरी कुठून घालायची? मला आठवत नाहीये. ते गरम आहे अजून. तुम्ही या ना."

चर असा काय होता, पावलाएवढा. आर्वोचा एक पाय उचललाही गेला होता. त्याने तो खाली ठेवला. मग त्याने तोंड उघडलं आणि कोरीकडे पाहिलं. कोरी त्याच्याकडेच बघत होता. आर्वोने तोंड मिटलं. तसंही ओरडण्याएवढा श्वास त्याच्याकडे उरला नव्हता. छातीत नुसती शिट्टी वाजत होती.

पोरीने त्याच्याकडेच बघावं म्हणून त्याने हात वर केला. तळहात आभाळाकडे उलटा केला. म्हणजे हरीण उताणं करायचं. सिग्नेने मान हलवली. मग त्याने कोटाची बटणं सोडली आणि कोट दोन्ही बाजूंना केला. बरगड्या जिथे जुळतात तिथे, स्वतःच्या सदऱ्यावर, उजव्या हाताची दोन बोटं टेकली, बोटांच्या मधे दुसऱ्या हाताचा अंगठा सुरीसारखा धरला, धार वर, आतडं फुटू नये म्हणून, आणि तिथून सावकाश, सरळ, पट्ट्याच्या खालपर्यंत एक रेघ ओढली. पोरीचे डोळे त्या रेघेबरोबर खाली आले. त्याने परत एकदा ओढली. मग दोन्ही हात पोटात घातल्यासारखे करून बाजूला ओढले. मागे कुठेतरी कोरीच्या बुटांखाली खडी वाजली. तो वळून नदीच्या दिशेला तोंड करून उभा राहिला होता.

शेवटचं उरलं होतं, वर हात घालून श्वासनळी कापायची. आर्वोने आपला गळा धरला. श्वास तिथेच अडकत होता, बोटांना तो फडफडताना कळत होता. त्याने घट्ट धरून खाली ओढल्यासारखं केलं आणि तिच्याकडे पाहिलं, समजलं का?

सिग्नेने आपला हात आपल्या गळ्याला लावून बघितला. "इथून," ती म्हणाली. "समजलं."

ती वळली आणि आता न पळता, पाय उचलून टाकत, रानात निघून गेली. आर्वोने कोटाची बटणं लावली. वरचं एक काही केल्या लागेना.